अंगठ्याचा अंदाज

रोज सकाळी मुलगी कामाला निघाली की बाबा दुकानाच्या दोन पायऱ्या उतरत, तिच्या सायकलीपाशी वाकत आणि अंगठ्याने टायर दाबून बघत. आधी मागचा, मग पुढचा, आणि पुन्हा एकदा मागचा. मागचा दोनदा का, असं तिने शाळेत असताना विचारलं होतं. "मागे तू बसतेस," बाबा म्हणाले होते. "पुढे नुसतं हँडल बसतं." दाबून झालं की सीटवर एक चापट. म्हणजे, जा आता.

शाळा संपली, नर्सिंगचा अभ्यास संपला, एक लग्न ठरून मोडलं, घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघायची नोकरी लागली, तीन सायकली बदलल्या. चापट तीच राहिली. टायर नरम असला तर बाबा काही न बोलता पंप उचलत. हवा भरून झाली की व्हॉल्व्हचं टोपण लावायला हात पुढे करत, आणि टोपण कधीच जागेवर नसे. तिने ते हटकून हरवलेलं असे. बिस्किटांच्या जुन्या डब्यात बाबांनी तिच्यासाठी मूठभर टोपणं साठवून ठेवली होती. "तुझ्या वाटेवर आतापर्यंत टोपणांचं शेत उगवलं असेल," असं म्हणत ते त्यातलं एक काढून देत.

गल्लीत त्यांना अंगठेबहाद्दर म्हणत. खरं तर बाबा वर्तमानपत्र पहिल्या बातमीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे. कुणी त्या नावाने हाक मारली की चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "सही करून दाखवू?" पण नाव त्यांना मनातून आवडायचं. हवा मोजायचं यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. त्याला ते घड्याळ म्हणत. "घड्याळ आकडा सांगतं. आकडा बरोबर असून माणूस चुकीचा असला तर? शिडशिडीत पोरीला आणि दोन पोती लादलेल्या माणसाला एकच आकडा कसा चालेल?"

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक सायकल आत घेतली की दोन माणसांना अंग चोरून उभं राहावं लागे. छताच्या आकड्यांवर टायर लटकत. रस्त्याच्या बाजूला बारीक नक्षीचे, हलके. त्यांच्या मागे जाड अस्तराचे, हातात घेतले की मनगट खाली जावं असे. मातीच्या वाटांसाठी गाठी-गाठींचे. आणि अगदी कोपऱ्यात, धूळ खात पडलेले चारदोन भरीव टायर, ज्यांत ना ट्यूब ना हवा. ते बाबांनी एका विक्रेत्याच्या भिडेखातर घेतले होते. "हे टायर नाहीत," ते म्हणत. "हा रबराचा हट्ट आहे."

नवीन गिऱ्हाईक पायरीवरूनच म्हणे, "एक टायर द्या हो."

"चपलेच्या दुकानात जाऊन एक चप्पल द्या म्हणता का?" बाबा विचारत. मग त्यांचे तीन प्रश्न सुरू होत. कुठून कुठे जाता? मागे काय असतं? आणि वाटेत कुठे थांबता?

पहिले दोन प्रश्न कुणीही विचारील. तिसऱ्याला लोक बुचकळ्यात पडत. थांबण्याचा टायरशी काय संबंध? बाबा समजावून सांगत की रस्त्याचा मधला भाग गाड्यांच्या चाकांनी झाडलेला असतो. काच, खिळे, तारेचे तुकडे सगळे कडेला जमतात. जो वाटेत थांबतो तो कडेला थांबतो. म्हणून घरून निघून थेट कारखान्यात जाणाऱ्याला हलका टायर पुरतो, आणि चार ठिकाणी उतरणाऱ्याला अस्तर लागतं. पण जो खूपच वेळा थांबतो त्याला प्रत्येक वेळी नव्याने चाक हलवावं लागतं, त्याच्या गुडघ्यांचंही बघायला हवं. हे सगळं ऐकता ऐकता गिऱ्हाइकाला आपण आयुष्यभर सायकल चालवत होतो की नुसते बसत होतो, अशी शंका येई.

एका वर्षी पोस्टमन आला तो गुडघ्यांची तक्रार घेऊन. तो बाबांचा जुना दोस्त. बाबा त्याला 'टपाल' म्हणत.

"अंगठेबहाद्दर, हे तुझे जाड टायर मला आता ओढवत नाहीत," तो स्टुलावर बसत म्हणाला. "दोनशे दारं. दोनशे वेळा उतरा, दोनशे वेळा चढा. निवृत्तीला सोळा महिने राहिलेत. गुडघे आधीच निवृत्त झालेत."

"पत्र नसेल त्या दारी उतरू नकोस."

"पत्र नसलं तर लोक जास्त थांबवतात. का नाही आलं, विचारतात."

बाबा हसले नाहीत. ते विचारात पडले होते. मुलगी आतल्या दारात उभी राहून चहा पीत होती, तिला ते दिसत होतं. कडेला थांबणारा माणूस, अस्तर हवं. पण दोनशे वेळा निघणारा माणूस. अस्तराचं ओझं नको. मग त्यांनी आकड्यावरून हलक्यातला जरा रुंद टायर काढला. "पंक्चर महिन्याला एखादं जास्त होईल. ते मी काढून देईन. गुडघे मला काढून देता येत नाहीत."

पोस्टमन आठ दिवसांनी मुद्दाम सांगायला आला की सायकल आपोआप चालते. बाबांनी "मग तू घरीच बस, ती वाटेल पत्रं," असं म्हटलं खरं, पण दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता.

महिन्याभराने पोस्टमनच्या पुढच्या चाकाचं पंक्चर झालं. मुलीच्या समोरच बाबांनी ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं. मग टायरच्या आतून बोट फिरवलं. हे काम ते कधी चुकवत नसत. भोक बुजवलं तरी भोक पाडणारा आतच असेल तर काय उपयोग? बोट पूर्ण एक फेरी फिरून आलं. "काही नाही. काटा निघून पडला असेल वाटेत," ते म्हणाले, आणि चाक बसवलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीकडून खाली येणाऱ्या उतारावर पुढचा टायर हवा जाऊन बसला. वळणावर चाक घसरलं. पोस्टमन पडला तो हातावर. मनगट दोन ठिकाणी मोडलं. पत्रं रस्ताभर उडाली आणि शेजारपाजारच्यांनी ती गोळा करून, ज्याची त्याला दिली.

सायकल दुकानात आणली ती पोस्टमनच्या बायकोने, हाताने ढकलत. "ते म्हणतात रस्ताच खराब होता," ती म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असंही म्हणालेत."

बाबांनी मनाला लावून घेतलं. त्यांनी तो टायर उतरवला आणि भिंतीवरच्या एका वेगळ्या खिळ्याला टांगला. त्याच्याकडे बघत नसत, पण तिथून काढतही नसत. "मीच पातळ टायर दिला," जेवताना ते म्हणाले. "त्याने गुडघ्यांचं सांगितलं आणि मी विरघळलो. दोस्तीत अक्कल गहाण टाकली."

"अहो, टायर आहे तो. फुटायचाच," आई म्हणाली.

"चाळीस वर्षं हेच तर करतोय. कुणाला काय द्यायचं. तेवढंच येतं मला. तेही येत नसेल तर..." ताटातली भाकरी तशीच राहिली.

एका सुट्टीच्या दुपारी बाबा पोस्टमनला बघायला गेले होते तेव्हा मुलीने तो टायर खिळ्यावरून काढला. का काढला, हे तिला सांगता आलं नसतं. वाईट गोष्टीकडे एकदा नीट बघून घ्यावं, अशी तिच्या कामाने लावलेली सवय असेल. तिने टायर मांडीवर घेतला, बाबा करत तसं आतून बोट फिरवलं, आणि अर्ध्या फेरीतच हात झटकला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

टायर उजेडाकडे धरून तिने बघितलं. केसाएवढी पोलादी तार. ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून निघतात तशी. आत जेमतेम दिसेल एवढंच टोक.

पण लागत होतं. कुणालाही लागलं असतं.

मग एकेक आठवू लागलं, आणि आठवलेलं परत झाकता येईना. चहाचा पेला बाबा हल्ली काठाला न धरता खाली, गरम जागी धरत. अंगठ्याच्या बाजूला गेल्या महिन्यात फोड आला होता, तो कशाने आला हे त्यांना माहीत नव्हतं. शर्टाची वरची गुंडी आई लावून देई, आणि "म्हातारपणी लाड," असं म्हणून दोघं हसत. घरात चालताना त्यांची एक चप्पल निसटून मागे राही आणि ते तसेच पुढे जात. चार पावलांवर कुणी सांगितलं की मागे वळत. त्यावर तीसुद्धा हसली होती. "बाबा, तुमची चप्पल तुमच्यापेक्षा हुशार आहे, तिला कळतं कुठे थांबायचं."

बाबांना दहा वर्षांपासून शुगर होती. गोळ्या आठवतील तेव्हा घेत. या आजारात पायांची जाणीव आधी जाते, मग बोटांची, हे ती रोज दुसऱ्यांच्या घरी जाऊन, दुसऱ्यांच्या बापांना समजावून सांगत असे. त्यांचे तळपाय हातात घेऊन कापसाने तपासत असे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने आईला सांगितलं. आईने गॅस बारीक केला.

"दिव्याखाली अंधार," आई हळूच म्हणाली. मग बराच वेळ भांडं घासत राहिली. "त्यांना सांगणार आहेस?"

"सांगायला नको?"

"सांगून बोटं परत येणार आहेत का?"

"नाही. पण आणखी बिघडू नये म्हणून..."

"गोळ्यांचं मी बघते. रोज समोर उभी राहून देते. पण हे सांगू नकोस." आई तिच्याकडे वळली. "टायर निवडताना चुकलो, असं वाटतंय ना त्यांना? वाटू दे. चुकतो माणूस. चार दिवसांनी विसरतो. हात गेला म्हणून सांगितलंस तर त्या माणसाकडे राहिलं काय?"

तिला ते पटलं. किंवा पटवून घेणं सोपं होतं. तिने तार चिमट्याने ओढून काढली, कागदात गुंडाळली आणि आपल्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. टायर परत खिळ्याला लावला. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ती दुकानात बसू लागली. बाबांनी ट्यूब काढली की "द्या, मी बघते," म्हणून टायर स्वतःकडे ओढून घेई आणि आतून बोट फिरवी.

"काय गं, दवाखान्यात पेशंट संपले वाटतं?" बाबा विचारत.

"शिकून घेते. उद्या नोकरी गेली तर?"

"नर्सची नोकरी जाते होय कधी? माणसं आजारी पडायची थांबलीत का?"

ती हसायची. पण ती दिवसभर बाहेर असे आणि पंक्चरं दिवसभर येत. कुठल्या टायरात काय राहून गेलं असेल, या धास्तीने तिला रस्त्यावर प्रत्येक सायकल बाबांकडूनच आल्यासारखी दिसू लागली.

आईचा हिशेब चुकला होता. बाबा विसरले नाहीत. उलट त्यांनी प्रश्न विचारणंच सोडलं.

आधी तिच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी एक कॉलेजची मुलगी टायर मागायला आली आणि बाबांनी मान वर न करता कोपऱ्यातला भरीव टायर काढला. कुठे जातेस नाही, मागे काय असतं नाही. "हा घे. हा कधी बसणार नाही," एवढंच. भरीव टायर संपले तेव्हा त्यांनी आणखी मागवले. ते आले, आणि छताच्या आकड्यांवर पुढे लागले. हलके टायर मागे गेले. दुकानाचं तोंडच बदललं.

पंधरा दिवसांत लायब्ररीतल्या बाई कंबरेवर हात ठेवून पायरीशी उभ्या राहिल्या. "अहो अंगठेबहाद्दर, हे काय बसवलंत? एकेक खडा मणक्यात मोजता येतोय मला. दात खिळखिळे झाले."

"पडण्यापेक्षा बरं."

"मी कधी पडले होते?"

"पडला असतात."

बाई मुलीकडे बघत राहिल्या. मुलीने पंप उचलून उगाच दुसरीकडे ठेवला. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, पण बोलायचं ते एकच होतं आणि ते पिशवीच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेलं होतं.

मग ती सकाळ आली. ती पिशवी घेऊन बाहेर पडली तर सायकलीला दोन्ही चाकांवर भरीव टायर होते. बाबांनी पहाटे उठून बसवले होते. ते पायरीवर उभे होते, आणि उतरत नव्हते.

"बाबा, हे कशाला?"

"तू उताराने जातेस."

"अहो, पण माझ्या पिशवीत काचेच्या बाटल्या असतात."

"कापसात गुंडाळ."

ती थांबली. सवयीने थांबली. बाबा वाकतील, मागचा, पुढचा, पुन्हा मागचा. बाबांनी हात खिशात घातले. भरीव टायरमध्ये दाबून बघण्यासारखं काही नसतंच. सीटवर चापटही पडली नाही. ती निघाली. कोपऱ्यावर वळून बघितलं तर ते दारातच उभे होते, खिशात हात घालून. आपल्याच दुकानात चुकून आलेल्या माणसासारखे.

दुपारपर्यंत इन्सुलिनची एक बाटली फुटली. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांसाठी ती होती ते म्हणाले, "असू दे गं, उद्या आण." तिने आणखी एकदा दवाखान्याची फेरी मारली आणि त्याच दिवशी नेऊन दिली. जाता-येता तिचे खांदे, कोपर, दाताखालची जीभ, सगळं रस्त्यावर आपटत होतं. लायब्ररीतल्या बाई आठवल्या. आपण गप्प बसलो त्याचे दणके ही माणसं महिनाभर खात आहेत, असं तिच्या मनात आलं, आणि उतारावर ती सायकलवरून उतरून चालू लागली.

घरी आली तेव्हा बाबा दुकानात एकटेच होते. तिने खिळ्यावरचा टायर काढून त्यांच्या समोर ठेवला. मग कागद उघडून तार फळीवर ठेवली.

"हे काय?"

"यात होती. टपालकाकांच्या टायरात."

बाबांनी चष्मा लावला. तारेवर वाकले. "शक्य नाही. मी बोट फिरवलं होतं."

"फिरवलं होतं, बाबा. मी होते की तिथे."

"मग?"

"मग लागलं नाही तुम्हाला."

बाबा हसले, पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही. "काहीतरीच. न लागायला काय झालंय?"

तिने पिशवीतून कापूस काढला, त्याचं टोक वळलं. रोजचंच काम. "हात पुढे करा. डोळे मिटा. लागलं की सांगा."

"पोरखेळ आहे का?"

"डोळे मिटा."

बाबांनी डोळे मिटले. काळे, रेषारेषांत रबर मुरलेले पंजे त्यांनी फळीवर उताणे ठेवले. तिने कापूस त्यांच्या मनगटावर टेकवला.

"आता," बाबा म्हणाले.

तळहातावर टेकवला. जरा थांबून ते म्हणाले, "आता."

तर्जनीवर टेकवला. बाबा गप्प. मधल्या बोटावर. गप्प. अंगठ्याच्या पेरावर तिने कापूस दोनदा फिरवला, आणि मग हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"आता," बाबा म्हणाले.

ती हलली नाही.

"आता," ते म्हणाले. मग जरा घाईने, "आणि आता. अंगठ्यावर. बरोबर ना?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांना आपला मोकळा अंगठा दिसला, आणि तिच्या मांडीवरचा हात, हातातला कापूस.

बाहेर कुणीतरी घंटी वाजवत गेलं. बाबांनी अंगठा दुसऱ्या हाताने धरला, वळवून बघितला. दुसऱ्याची वस्तू बघावी तसा. आता ते कोसळतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. पण बाबांनी खिळ्यावरून उतरवलेला तो हलका टायर जवळ ओढला.

"म्हणजे टायर बरोबर होता," ते म्हणाले.

"अं?"

"टपालला हाच टायर द्यायला हवा होता. हाच. निवड चुकली नव्हती."

"नाही बाबा. नव्हती चुकली."

"कधी सापडली ही तार?"

तिने खरं ते सांगितलं. पाच आठवडे झाले होते.

बाबा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच तिला सोसेना. "पाच आठवडे मी लोकांच्या पाठी मोडत बसलो. लायब्ररीतल्या बाई माझ्या तोंडावर सांगून गेल्या, आणि तू इथे उभी होतीस. माझं डोकं गेलं असं मला वाटत होतं, आणि तू कप्प्यात कागद घेऊन फिरत होतीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"पेशंटला असंच सांगतेस? वाईट वाटेल म्हणून गप्प बसतेस?"

आतल्या दारात आई येऊन उभी होती. "मीच म्हटलं होतं तिला," ती म्हणाली.

"तुम्ही दोघींनी मिळून माझा निवाडा केलात," बाबा म्हणाले. "मी काय निवडलं असतं, हे तरी मला विचारायचं." ते चप्पल घालून बाहेर पडले. एक चप्पल पायरीवर राहिली. या वेळी कुणी सांगितलं नाही. चार पावलांवर ते स्वतःच थांबले, खाली बघितलं, आणि मागे आले.

ते पोस्टमनकडे गेले होते. तिथे काय बोलणं झालं ते पोस्टमनने पुढे तिला सांगितलं. बाबांनी सगळी हकिगत उभ्या उभ्या सांगितली आणि हात जोडले. पोस्टमन प्लॅस्टरमधला हात वर करून म्हणाला, "तुझी बोटं आणि माझं मनगट. दोघं मिळून एक चांगला हात होतो बघ. बस खाली." मग त्याने विचारलं, "आता टायर कुठला घालू?" बाबा म्हणाले, "तोच." आणि मग म्हणे बाबा रडले. हे मुलीला सांगताना पोस्टमन छताकडे बघत होता.

चार दिवस बाबा तिच्याशी बोलले नाहीत. त्यांनी लायब्ररीतल्या बाईंना निरोप धाडला. कॉलेजची मुलगी, पाववाला, घड्याळजी, ज्यांना ज्यांना भरीव टायर दिले होते त्या सगळ्यांना बोलावून घेतलं. प्रत्येकाला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, कुठून कुठे जाता, मागे काय असतं, वाटेत कुठे थांबता. आणि टायर बसवण्याआधी प्रत्येकाला सांगितलं, "आतून बोट फिरवून तुम्हीच बघा. माझ्या बोटांना आता कळत नाही." काही जण ओशाळले. घड्याळजींनी टायर न बसवताच सायकल परत नेली, आणि त्यानंतर ते दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. तसे आणखीही काही गेले. बाबा त्यांच्याबद्दल वाईट बोलले नाहीत. "मी गेलो असतो का अशाकडे?" एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा बाबांनी हात पुढे केला. "तुझ्या पिशवीतला कापूस दे जरा."

तिने दिला. त्यांनी कापसाचा बोळा चिमटीत धरला. चिमटी नीट बसली आहे का ते डोळ्यांनी बघितलं, आणि समोरच्या टायरच्या आतून तो हळूहळू फिरवला. पाऊण फेरीनंतर बोळा अडला. एक पांढरा धागा मागे राहिला, टायरच्या काळ्या पोटात. त्या धाग्याखाली काचेची कपची होती. बाबांनी ती चिमट्याने काढली आणि तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या सकाळी तिच्या सायकलीला तिचे जुने टायर होते.

त्या सकाळी ते पायऱ्या उतरले, वाकले, आणि मागच्या टायरवर अंगठा ठेवून तसेच राहिले. अंगठा दाबला जात होता. त्यांना काही कळत नव्हतं. ती जवळ जाऊन उकिडवी बसली.

"तू बघ," ते म्हणाले. "आणि खरं सांग."

तिने दाबलं. "नरम आहे जरासा."

"जरासा म्हणजे किती? पिकल्या फळासारखा, की कच्च्या?"

"पिकायला आलेल्या."

"मग दोन पंप."

पुढची दोन वर्षं असंच चाललं. आधी ते दाबत, मग ती. ते विचारत, ती सांगत. घाई असली तरी ती खोटं सांगत नसे. घड्याळ आणून देऊ का, असं तिने एकदा विचारलं. "तू आहेस की," ते म्हणाले, आणि मग ते वाक्य जास्त झाल्यासारखं वाटून, "फुकटात," असं पुढे जोडलं. कापूस मात्र तिला दर महिन्याला जास्तीचा आणावा लागे. गिऱ्हाइकं पूर्वीएवढी राहिली नव्हती. बाबांच्या उजव्या पायाला एक जखम झाली, ती भरायला सात महिने लागले. रोज संध्याकाळी ती त्यांचा तळपाय मांडीवर घेऊन पट्टी बदले तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत. ती काय करते आहे हे त्यांना जाणवत नसे, आणि ते बघतही नसत. पोस्टमन निवृत्त झाला तरी त्याच टायरवर सायकल चालवत रोज दुपारी स्टुलावर येऊन बसे.

तोच होता शेवटी त्यांच्याजवळ. एका दुपारी बोलता बोलता बाबांनी डोळे मिटले. पोस्टमनला वाटलं, डुलकी लागली. तो वर्तमानपत्राचं पान उलटून वाचत राहिला.

त्याच दिवशी सकाळी वेगळं काहीच झालं नव्हतं. तिला उशीर झाला होता. बाबा पायऱ्या उतरून वाकले, मागचा, पुढचा, पुन्हा मागचा. मग तिने दाबलं. मागचा नरम आहे, ती म्हणाली. त्यांनी पंप दिला, ती हवा भरत असताना हँडल धरून उभे राहिले, आणि बिस्किटांच्या डब्यातून एक टोपण काढून तिच्या तळहातावर ठेवलं. ती निघाली तेव्हा सीटवर चापट पडली. कोपऱ्यापर्यंत पोचते तोच मागून त्यांचा आवाज आला.

"अगं, टोपण लावलंस का? परवाही नवीन दिलं होतं तुला."